गेट अ‍ॅप घ्यायचंय? आधी गेटवर उभं कोण असतं ते बघा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा का कुणी टाकलं की शेजारच्या सोसायटीने गेट अ‍ॅप (येणाऱ्याजाणाऱ्याची गेटवर नोंद घेणारं आणि फ्लॅटवाल्याला विचारून आत सोडणारं अ‍ॅप) घेतलंय, आपण कधी घेणार, की पुढचं सगळं ठरल्यातच जमा असतं. दहा जण अंगठे टाकतात, रविवारी क्लब हाऊसमध्ये एक चुणचुणीत सेल्सवाला मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, चहा-बिस्किटं होतात आणि महिन्याभरात वॉचमनच्या हातात मोबाईल आलेला असतो. मधल्या काळात हे नेमकं कुणासाठी चाललंय असं कुणी विचारलं तर 'तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत खोडा घालता' हे ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते.

मी आयटीत आहे, राहायला पुण्यात सिंहगड रोडला, आणि कमिटीवर असल्यामुळे हे प्रकरण दोन्ही बाजूंनी बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ठराव करणारे आणि पैसे देणारे लोक वेगळे असतात आणि रोज त्या सिस्टिमपुढे उभे राहणारे वेगळे. फ्लॅटवाल्याला एक नोटिफिकेशन येतं, अलाऊ दाबलं की त्याचा विषय संपला. फोटो देणं, बोट लावणं, नंबर सांगणं, ताटकळणं हे सगळं कामवाल्या मावशी, डिलिव्हरीवाला पोरगा, कचरा न्यायला येणाऱ्या ताई आणि वॉचमन काका यांच्या वाट्याला येतं, आणि यातल्या एकालाही 'मला नको बुवा हे' म्हणायची सोय नाही. त्यामुळे एखादी सिस्टिम माणसाला धरून आहे का हे तपासायचं असेल तर ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापासून सुरुवात करायची. खाली क्रमाने लिहितोय. गेट अ‍ॅप धरून लिहिलंय, पण क्लिनिकचं अपॉइंटमेंट अ‍ॅप असो की क्लासची हजेरी, थोड्याफार फरकाने तिथेही चालेल.

१) आधी त्रास काय आहे तो लिहून काढा

'सिक्युरिटी वाढवायचीय' हा त्रास नव्हे, ती घोषणा झाली. त्रास म्हणजे 'रात्री अकरानंतर आलेल्या माणसाची नोंदच होत नाही' किंवा 'सी विंगची पार्सलं बी विंगला जातात' किंवा 'मागच्या गेटने कुणीही आत येतं'. असं चार-पाच ओळींत लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न टाका, की हे अ‍ॅपशिवाय सुटेल का? पुष्कळदा कळतं की इंटरकॉम वर्षभर बंद पडलाय आणि तो दुरुस्त केला तर निम्मं काम भागतंय. मागच्या गेटला कुलूप लावायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्याच निकालातून सरकारसाठी एक कसोटी आली की कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आता सोसायटी काही सरकार नाही हे मान्य, पण तो तिसरा मुद्दा मी कमिटीच्या मीटिंगमध्ये बिनधास्त वापरतो. पार्सल चुकीच्या विंगला जातं म्हणून सगळ्या मावशींचे फिंगरप्रिंट घ्यायचे, हे प्रमाणात आहे का सांगा.

२) कुणाकुणाला याचा स्पर्श होणार त्यांची यादी

कागद घ्या आणि सकाळी सहा ते रात्री बारा गेटमधून कोण जातं ते लिहा. दूधवाला, पेपरवाला, मावशी, पोळ्यावाल्या काकू, ड्रायव्हर, कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई, इस्त्रीवाला, ट्यूशनचे सर, आजोबांची फिजिओथेरपिस्ट, भाड्याने राहणारी कॉलेजची मुलं, त्यांचे मित्र-मैत्रिणी, गावाहून आलेले आई-वडील. माणूस केंद्रस्थानी ठेवून डिझाइन कसं करावं याचं एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ९२४१-२१०. त्यातलं पहिलं तत्त्वच हे आहे की वापरणारा कोण, तो काय करतोय आणि कुठल्या परिस्थितीत करतोय हे आधी समजून घ्या. सेल्सवाल्याच्या डेमोमध्ये वापरणारा एकच असतो, एसीत बसलेला फ्लॅटमालक.

मग यातल्या सात-आठ जणांशी बोला. मीटिंगला बोलावू नका, येणार नाहीत, आणि आले तरी चेअरमनसमोर काय बोलणार. सकाळी आठलाही नको, तेव्हा प्रत्येकीला पुढचं घर गाठायचं असतं. साडेअकरा-बाराला पार्किंगमध्ये मावशी जरा टेकतात तेव्हा गाठा, आणि 'अ‍ॅप आवडेल का' असं विचारूच नका, 'हो साहेब' एवढंच उत्तर येतं. गेटवर वेळ कुठे जातो, कोण काय विचारतं, दुसऱ्या सोसायटीत कसं असतं, तिथे काय नको वाटतं, असं विचारा. मग बघा कशी माहिती निघते. एकीने मला सांगितलं की दुसरीकडे तिचा फोटो लॉबीतल्या स्क्रीनवर लागतो आणि खाली लिहून येतं की ती आत्ता कुठल्या फ्लॅटमध्ये आहे.

३) काय माहिती घेणार, एकेक तपासा

मोठ्या कागदावर पाच रकाने करा. काय घेतो, कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, नाही दिलं तर काय. सेल्सवाल्याने दिलेला फॉर्म पुढे ठेवा आणि एकेक गोष्ट या रकान्यांत बसवत जा. 'कशासाठी'मध्ये 'असू दे, लागेल कधीतरी' असं लिहायची वेळ आली की ती गोष्ट खोडायची.

आधार कार्डाची झेरॉक्स पहिली खोडा. सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, नाहीतर सेक्रेटरींच्या फोनच्या गॅलरीत, कामवाल्यांची आधार कार्डं पडलेली असतात आणि ती कुणी कधी काढून टाकत नाही. ओळखच पटवायची असेल तर मास्क्ड आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि तेही बघून परत द्या, ठेवून घ्यायचं कारण नाही.

पाहुण्यांच्या नोंदी हा दुसरा मोठा मुद्दा, आणि पुण्यात तर फारच, कारण इथे प्रत्येक सोसायटीत शिकणारी आणि नोकरी करणारी भाडेकरू मुलं-मुली असतात. नोंद कशासाठी घेतली तर चोरी झाली तर शोधता यावं म्हणून. सहा महिन्यांनी तीच नोंद कुणीतरी उघडतं आणि मीटिंगमध्ये सांगतं की ४०३ मधल्या मुलीकडे शनिवारी अमुक मुलगा येतो आणि रविवारी जातो. हे करणाऱ्याला वाटतं आपण सोसायटीची काळजी घेतोय. अशा माणसाला समजावत बसायचं नाही, सिस्टिमच अशी करायची की त्याला ते दिसणारच नाही. फ्लॅटच्या नोंदी फक्त त्या फ्लॅटला दिसतील, कमिटीला हव्या असतील तर लेखी कारण आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतील, कुणी कधी उघडलं त्याची वेगळी नोंद राहील, आणि ३० दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जाईल. ज्या अ‍ॅपला हे जमत नाही ते अ‍ॅप नको, मग फीचर कितीही असोत.

मुलांचंही लक्षात घ्या. पोरगं गेटबाहेर पडलं की आईला मेसेज, हे पाच वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे. सतरा वर्षांची मुलगी क्लासला निघाली तरी घरभर नोटिफिकेशन, हे तिला एकदा विचारून तरी बघा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे.

४) मावशींच्या बाबतीत थांबून विचार करा

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

फिंगरप्रिंटचं मशीन घ्या. सकाळी साडेसातची वेळ, रांगेत सहा-सात जणी, पहिलीचं बोट मशीन घेत नाही. ती पदराला पुसते, फुंकर मारते, परत लावते, लाल दिवा. दुसरं बोट, परत लाल. मागची म्हणते 'अगं सर की', वॉचमन म्हणतो 'नीट दाबा', आणि वर चौथ्या मजल्यावर कुणीतरी घड्याळ बघत बसलंय की आजही दहा मिनिटं उशीर. भांडी घासून, कपडे धुऊन, साबणाच्या पाण्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, ही मशीनवाल्यांनाही माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणजे ज्या बाईसाठी मशीन घेतलं तिचंच बोट त्याला नीट वाचता येत नाही.

बरं, मग चेहरा ओळखणारा कॅमेरा घेऊ म्हणाल. २०१८ मध्ये एमआयटीच्या जॉय बुओलाम्विनी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची तपासणी केली, त्यात गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यापर्यंतच होती आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. तेव्हापासून सॉफ्टवेअर सुधारलंय, आणि ते काम ओळख पटवण्यापेक्षा वेगळं होतं हेही खरं, पण विक्रेत्याला एवढं तरी विचारा की तुमची चाचणी कुठल्या चेहऱ्यांवर झालीय, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईवर झालीय का, पावसात रेनकोट घालून आलेल्यांवर झालीय का.

माझ्या मते दोन्ही नको. फोटो लावलेलं साधं कार्ड, वॉचमन चेहऱ्याने ओळखतोच, कार्ड दाखवलं की आत. बोट किंवा चेहरा एकदा लीक झाला तर पासवर्डसारखा बदलता येत नाही, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला ही जोखीम घ्यायला लावण्याइतकं सोसायटीत काय ठेवलंय?

रेटिंग हा दुसरा प्रकार. काही अ‍ॅपमध्ये मावशींना स्टार देता येतात, वर 'वक्तशीर नाही' असं लिहिता येतं. ते तिला दिसत नाही, तिला उत्तर देता येत नाही, आणि एका घरी पगारावरून वाजलं की अख्ख्या सोसायटीत तिचे स्टार घसरतात. ती मात्र कुठल्या घरात पगार वेळेवर मिळत नाही ते कुठेच लिहू शकत नाही. हे फीचर बंद करून घ्या, बहुतेक विक्रेते बंद करून देतात. तसंच येण्याजाण्याच्या वेळा. त्या गेटसाठी घेतल्या असतील तर महिनाअखेरीला पगार कापायला वापरायच्या नाहीत, आणि वापरायच्याच असतील तर तिला आधी सांगा आणि तिची स्वतःची नोंद तिलाही बघता आली पाहिजे. मग जास्त वेळ थांबवून घेतलं तर त्याचाही हिशेब निघेल, आणि गंमत म्हणजे हे सुचवलं की पुष्कळ लोकांचा उत्साह मावळतो.

याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्यामुळे 'त्यांना काय कळतंय' या सुरात बोलणाऱ्यांनी जरा जपून.

५) संमती खरी घ्या

अ‍ॅपमध्ये 'आय अ‍ॅग्री'वर वॉचमननेच टिक करायची आणि मावशींच्या नावावर खातं उघडायचं, याला संमती म्हणत नाहीत. वर सांगितलेल्या २०२३ च्या नवीन कायद्यात संमती मोकळ्या मनाने दिलेली, ठरावीक कारणासाठी, समजून-उमजून आणि विनाअट दिलेली हवी असं लिहिलंय, संमती मागणारा मजकूर मराठीसकट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, आणि दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायच्यात, पण तोपर्यंत थांबायची काही गरज नाही.

आम्ही कच्चं लिहिलेलं देतो, आपापल्या परीने बदला:

'गेटवर ओळख पटावी म्हणून आम्ही तुमचं नाव, फोन नंबर आणि एक फोटो घेतो. तो वॉचमनला आणि तुम्ही ज्या घरी काम करता त्या घराला दिसतो, बाकी कुणाला नाही. तुम्ही काम सोडल्यावर ३० दिवसांत आम्ही हे सगळं पुसून टाकतो. अ‍ॅपमध्ये फोटो द्यायचा नसेल तर सोसायटीचं कार्ड मिळेल, त्यामुळे तुमच्या कामावर काही परिणाम होणार नाही. नंतर विचार बदलला तर सोसायटी ऑफिसात येऊन नुसतं सांगा, अर्ज लागत नाही.'

हे गेटवर लावा आणि वाचूनही दाखवा, सगळ्यांना वाचता येतं असं नाही. आणि वाचून दाखवणारा माणूस चेअरमन नको.

६) काकांच्या हातात देऊन बघा

ज्या मोबाईलवर अ‍ॅप चालणार तो मोबाईल, गेटवरचं ऊन आणि मागे हॉर्न वाजवणारी गाडी, या परिस्थितीत चाचणी करा. भर दुपारी उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत, वेबसाठीची डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वं साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) मागतात ते उगाच नाही. बटणं अंगठ्याने दाबता येण्याइतकी मोठी हवीत. फ्लॅट शोधायला नाव टाइप करावं लागत असेल तर आमच्याकडे जोशी पाच आहेत आणि कुलकर्णी मोजायचे सोडून दिलेत, तेव्हा विंग आणि नंबर हीच बटणं हवीत.

मराठी आहे म्हणतात तेव्हा उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी मेनू मराठी आणि चूक झाल्यावर येणारे मेसेज इंग्रजीत, नाहीतर मशीनने केलेलं भाषांतर, त्यात वेलांट्या आणि रफार वरून कापले गेलेले. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं जिस्ट या तंत्रज्ञानाचं काम ज्या सीडॅकमध्ये वाढलं ती संस्था १९८८ पासून याच पुण्यात आहे, आणि इथेच गेटवरच्या बीडहून आलेल्या काकांनी इंग्रजी मेनू अंदाजाने दाबायचा, हे काही बरोबर दिसत नाही. काका बिहारचे किंवा आसामचे असतील तर त्यांना हिंदी द्या, मराठीचा हट्ट पाहुण्यांच्या सूचनांपुरता ठेवा.

सोसायटीत कुणी दृष्टिहीन असेल तर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) चालू करून त्यांच्याकडूनच वापरून घ्या. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून खटल्यात सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका होत्या, केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळायला, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा म्हणायचे आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. ते डिझाइन करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, त्याच्या डोळ्यांसमोर असं माणूसच आलं नाही.

७) फोन नसला तरी आत येता आलं पाहिजे

ओटीपीशिवायचा रस्ता लेखी ठेवा. आजोबांकडे साधा फोन आहे, गावाहून आलेल्या मामांचं रोमिंग बंद आहे, जूनमध्ये पहिल्या पावसात लाईट जाते आणि वायफायही. वही आणि इंटरकॉम कायम ठेवायचा, आणि त्या रस्त्याने येणाऱ्याला वेगळी वागणूक नाही. वहीतसुद्धा आधीच्या माणसाचा नंबर पुढच्याला दिसतो, त्यावर पुठ्ठा ठेवला तरी पुरतं. अ‍ॅम्ब्युलन्सला कसलीही नोंद नाही, आधी आत, मग बाकी.

८) कॅमेरे

गेट, पार्किंग, लिफ्टची लॉबी. कुणाच्या दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड नको, वॉचमनच्या केबिनमध्ये बसायच्या जागी नको, आवाज रेकॉर्ड नको. १५ ते ३० दिवसांनी पुसायचं. आणि फुटेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, 'बघा हा कोण पार्किंग करतोय' म्हणूनसुद्धा नाही. बास.

९) विक्रेत्याला हे विचारा, उत्तरं लेखी घ्या

डेटा कुठे असतो, तुमच्या कंपनीतलं कोण बघू शकतं, तिसऱ्या कुणाला देता का? फुकट देताय तर पैसे कुठून येतात, जाहिरातींतून का? लीक झालं तर आम्हाला किती तासांत कळवाल? हे महत्त्वाचं, कारण नव्या कायद्यात कंपनीला काम दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करायचं ठरवणाऱ्याची, म्हणजे सोसायटीची राहते, आणि लीकची सविस्तर माहिती डेटा प्रोटेक्शन बोर्डाला ७२ तासांत द्यायची आहे. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. एवढा दंड कुणी सोसायटीला लगेच लावेल असं नाही, पण मीटिंगमध्ये हा आकडा सांगितला की लोक फोन खाली ठेवून ऐकतात.

मग स्वतः अ‍ॅप उघडून बघा की काय काय लादलंय. पाहुण्याला आत सोडायचं नोटिफिकेशन आणि किराणा मालाची ऑफर एकाच आवाजात येत असेल तर लोक दोन्ही बघायचं सोडतात. जाहिराती बंद करायचं बटण तीन मेनूंच्या आत लपवलेलं, 'नको' ऐवजी 'मला कुटुंबाची सुरक्षा नको' असं लिहिलेलं, मेंटेनन्स भरताना पाच रुपये आपोआप जोडलेले, या सगळ्याला डार्क पॅटर्न म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली आहे. दिसले की विक्रेत्याला स्क्रीनशॉटसकट मेल करा, फोनवर 'बघतो सर' याच्या पलीकडे काही मिळत नाही.

१०) आधी एका विंगला, मग बाकीच्यांना

दोन महिने एका विंगला चालवा. किती लोक वापरतात हा आकडा विक्रेता देईलच, तुम्ही गेटवर किती जण अडले आणि का अडले ते वहीत लिहायला सांगा, आणि काकांना सांगा की यावरून तुम्हाला कुणी बोलणार नाही, नाहीतर वही कोरी राहते. पार्किंगमध्ये ज्यांच्याशी बोललात त्यांच्याकडे परत जा. मग सप्टेंबरच्या वार्षिक सभेत सगळं मांडा, कुठल्या फ्लॅटच्या नोंदी कमिटीने किती वेळा उघडल्या तेही, आणि चालू ठेवायचं की बंद करायचं यावर दरवर्षी नव्याने मत घ्या. एकदा घेतलं म्हणून कायमचं गळ्यात, असं नको.

विक्रेता बदलायची वेळ आली तर जुन्याकडून डेटा पुसल्याचं लेखी पत्र आल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका. आणि वॉचमनच्या केबिनमधल्या जुन्या मोबाईलची गॅलरी कमिटीतल्या दोघांनी समोर बसून रिकामी करा, पाहुण्यांचे आणि मावशींचे फोटो तिथे हमखास राहिलेले असतात.